पाण्यातलं बाकडं

आमचं शेत वर्षातला बराच काळ पाण्याखाली असायचं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, पत्ता म्हणून सांगते आहे. अनसिंगच्या पलीकडं आमचं गाव, गावाच्या खालच्या अंगाला तळं, आणि तळ्याच्या पोटात आमचं शेत. पावसाळ्यात त्याच्यावर बगळे उतरायचे आणि आतून मासे फिरायचे. दिवाळीनंतर पाणी मागं सरकायला लागलं की काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडायचा, आणि ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशी आमच्यासारखी सहा घरं त्या गाळात उतरायची. याला गाळपेर म्हणतात. ग्रामपंचायत वर्षाच्या बोलीनं एकेका घराला एकेक पट्टी द्यायची. वरच्या अंगाला गहू-हरभरा, मधे वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि पाण्याच्या अगदी तोंडाशी टरबुजं. पाणी द्यायची गरज नाही, ओल असतेच. लागतात फक्त पाय. एक पाय रुतला की तो काढायला दुसरा लागतो, आणि मग दुसरा काढायला पहिला.

पाणी उतरेपर्यंत घर चालायचं ते माय-बाबांच्या मजुरीवर. लोकांच्या सोयाबीनमध्ये निंदण, कापणी, जे मिळेल ते. पावसाची झड लागली की मजुरीही बंद. मग कण्या आणि अंबाडीची भाजी, भाजी संपली की नुसत्या कण्या. मला शाळेचा एकच ड्रेस होता. रविवारी तो धुवायचा, म्हणून रविवारी मी मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली घरात बसायची. मैत्रिणींना वाटायचं, ही रविवारी अभ्यास करते. त्यामुळं माझं नाव हुशार म्हणून झालं ते झालंच.

मायचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आजोबांनी विचारलं होतं, "पोराले वावर हाये का?" मध्यस्थ म्हणाला, "हाये ना, तळ्याले लागूनच हाये." आजोबा खूश होऊन गेले. माय श्रावणात नांदायला आली. बाबांनी तिला काठावर उभं करून हात लांबवला आणि म्हणाले, "ते पाहा आपलं वावर." मायला पाणी दिसलं. पाणीच पाणी. ती सांगते, "म्या म्हनलं, याचं डोस्कं फिरलं काय."

गावाला जे हवं ते आम्हाला नको असायचं, हीच मोठी पंचाईत होती. गाव आभाळाकडं बघून पाऊस मागायचं, आणि आम्ही घरात बसून मनात म्हणायचो, ये, पण बेतानं. एका वर्षी पाऊस असा कोसळला की होळी आली तरी पाणी जागचं हललं नाही. गावात आनंदीआनंद, विहिरी काठोकाठ, आणि आमच्या घरी कोणी गेल्यासारखी शांतता. बाबा त्या वर्षी वीटभट्टीवर गेले. उलट, पाऊस कमी झाला की तळं आटायचं आणि आमची पट्टी लांबच लांब व्हायची. दुष्काळात आम्ही जमीनदार. पण जमीनदारी उघड मिरवता येत नव्हती, कारण बाकी गाव तोंड पाडून बसलेलं असायचं.

आता पट्ट्यांच्या हद्दीचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर झालं. पाण्याखालच्या जमिनीला बांध टिकत नाही. म्हणून आमच्यात रीत अशी, की प्रत्येक घरानं आपल्याच घरातली एक मोडकी वस्तू पट्टीच्या खालच्या टोकाला गाळात रोवायची. मोडकी असली म्हणजे कोणी चोरत नाही, आणि घरातली असली म्हणजे सगळे ओळखतात. पाण्यातून वर आल्यावर लांबून दिसावी म्हणून तिला चुना फासायचा. आमची खूण म्हणजे बाजेचा खूर, तिचा एक पाय. ज्या बाजेवर माझा जन्म झाला तिचाच. शेजारच्या पट्टीवाल्या काकांची खूण होती त्यांच्या जुन्या मोटारसायकलची रिंग. त्यांच्यापलीकडं एका घराची जात्याची तळी, आणि शेवटच्या घराचं सरकारी योजनेत मिळालेलं संडासाचं भांडं, जरा तडा गेलेलं. त्याला चुन्याचीही गरज नव्हती.

काका नात्यानं कोणी नव्हते, पट्टीशेजारी म्हणून काका. त्यांची रिंग दरवर्षी पाण्याखाली जाताना एका जागी असायची आणि वर येताना आमच्या बाजूला हात-दीड हात सरकलेली असायची.

"भाऊ, पान्याच्या जोरानं सरकली," काका बाबांना सांगायचे.

"पानी दर साली माह्याच इकडं कसं काय वाह्यते गा?" बाबा विचारायचे.

"उतार असीन."

बाबा रिंग उपटून मागं नेऊन रोवायचे, आणि मग दोघं मिळून बिडी ओढायचे.

त्या पट्टीतल्या टरबुजांवर आणि वांग्यांवर मी शिकले. वाशीमला कॉलेज केलं, एसटीनं जाऊन येऊन, आणि भूगोल घेऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे वाक्य मी संधी मिळेल तिथं बोलते, इथंही बोलून घेतलं.

निकाल लागला तेव्हा काका पेढा तोंडात टाकून म्हणाले, "भूगोल म्हंजे नकाशेच ना वं? तुले गावात रस्ता सापडत नोयता काय?"

"काका, पुढच्या वर्षी तुमची रिंग किती सरकली ते मी नकाशावर दाखवीन."

"पोट्टी लय शिकली," काका बाबांना म्हणाले. कौतुक होतं का तक्रार, कळलं नाही.

मी वाशीमला एका शिकवणी वर्गात भूगोल शिकवायला लागले, आणि पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या तळ्याचा विकास करायचं ठरलं.

वैशाखात मोजणीवाले आले. तीन पायांवरचं यंत्र, डोक्याला रुमाल. तळं आटून पार मधोमध गेलेलं. त्यांना समोर काय दिसलं, तर गाळाच्या टोकाटोकाला चुना फासलेल्या वस्तूंची रांग. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ठरवलं, की आधी कोणीतरी सर्व्हे करून गेलेलं आहे आणि हे त्याचे पॉइंट आहेत. संडासाच्या भांड्याबद्दल त्यांना शंका आली नाही याचं मला अजून नवल वाटतं. त्यांनी एकेका वस्तूला लाल फीत बांधली आणि उन्हं फार झाली म्हणून गाडीत बसून गेले.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार, ते आले नाहीत. पण लाल फितीचा अर्थ गावात पोचला होता. सरकार जिथं लाल फीत बांधतं तिथं भरपाई देतं, असं काकांनी कुठूनसं ऐकलं होतं. त्यांनी रिंग फितीसकट उपटली आणि आमच्या पट्टीत चांगली चार हात आत आणून रोवली. ते पाहून बाबांनी कधी नव्हे ते खूर उचलला आणि पाण्याकडं पुढं नेला. मग जात्याची तळी हलली. दुपारपर्यंत भांडंही निघालं. भांडायला तोंड कोणालाच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मोजणीवाले आले आणि त्यांनी मन लावून एकेका वस्तूचं मोजमाप लिहून घेतलं.

पुढं ग्रामसभा भरली, शाळेच्या मैदानावर, मंडपात. समोर मोठा फ्लेक्स. त्यावर निळंशार तळं, काठानं गुळगुळीत फरशीची वाट, हिरवं लॉन, बाकडी, छत्री घेतलेली एक बाई, एक परदेशी कुत्रं आणि पाण्यात दोन पांढरेशुभ्र राजहंस. लोक बराच वेळ बघत राहिले.

"ही बाई कोनाची?" मागून कोणीतरी विचारलं.

"पाव्हनी असीन."

"अन् हे बदकं?"

"ते बी तिच्याचसंगं आले असतीन."

शहरातून आलेले इंजिनिअर साहेब तरुण होते, नम्र होते, आणि बोलायला लागले की थांबत नव्हते. शाश्वत विकास, पर्यटन, गावाचा चेहरामोहरा. बोलता बोलता त्यांनी एक वाक्य सहज टाकलं, की काठाच्या आतली सगळी शेती कायमची बंद करावी लागेल, कारण तिथं लॉन येणार.

माय पुढच्या रांगेत बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "लॉन म्हंजे काय जी?"

"गवत, मावशी."

"ढोराईले?"

"नाही नाही. बघायला."

"गवत पाहाले?" माय माझ्याकडं वळली, मी चुकीचं भाषांतर करते आहे असा तिचा चेहरा होता. मग पुन्हा साहेबांना म्हणाली, "साहेब, गवत त सबन इकडं हाये. ते पाहाले कोनी येत नाई. मी मात्र त्या पट्टीत टरबुजं लावतो, ते घ्याले शिरपूरच्या जत्रेतून मान्सं येतात."

लोक हसले, पण माय हसली नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. तिच्याकडं त्या पट्टीशिवाय काहीच नव्हतं, आणि पट्टी तिच्याकडं आहे हे सांगणारं पंचायतीच्या वर्षाच्या बोलीशिवाय काही नव्हतं. पंचायतीनं यंदा नाही म्हटलं की संपलं.

साहेब वाटेवर आले. "पाथवे सरळ न ठेवता त्याला मुद्दाम नैसर्गिक वळणं दिली आहेत," ते म्हणाले. मी फ्लेक्सकडं नीट पाहिलं आणि माझ्यातला भूगोल जागा झाला. ती वळणं माझ्या ओळखीची होती.

मी उठले. "साहेब, हे पहिलं वळण म्हणजे संडासाचं भांडं आहे."

मंडपातल्या सगळ्या माना फ्लेक्सकडं वळल्या.

"त्याच्यापुढचं बारकं वळण जात्याची तळी. हा जो एकदम आत घुसलेला वळसा आहे ती आमच्या काकांची रिंग, आणि हे पाण्याकडं गेलेलं टोक म्हणजे आमच्या बाजेचा खूर. तुमची वाट आमच्या भांडणांवरून चालली आहे."

मग जो हशा उठला त्यात साहेबांचा आवाज बुडाला. काका मात्र उभे राहिले होते. "खोटं बोलून राह्यली पोट्टी! माही रिंग जागची हालली नाई." असं म्हणून ते तरातरा फ्लेक्सजवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं, आणि बोट ठेवून म्हणाले, "अन् हे वळन बी चुकलं हाये. माही रिंग याच्याहून पुढं हाये."

आता तर बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. काका स्वतःच्या वाक्याकडं जरा वेळ बघत राहिले आणि खाली बसले.

साहेबांनी सावरून घेतलं. "मॅडम, आपलं शिक्षण?"

"बी.ए. भूगोल."

"मी बी.ई. सिव्हिल."

"मग तर तुम्हाला लवकर पटेल. या खुणा वैशाखातल्या पाण्याच्या काठाला आहेत. श्रावणात इथं डोक्याएवढं पाणी असतं. तुमची वाट, बाकडी, लॉन, ती छत्रीवाली बाई, सगळं बुडणार. राजहंस तेवढे राहतील."

साहेबांना ते पटलं नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं. त्यांनी पाहिलेलं तळं भेगाळलेलं होतं. तेव्हा सरपंचबाई बोलल्या. त्या सहसा बोलत नाहीत, सही करतात, म्हणून त्या बोलल्या की लोक ऐकतात. "साहेब, तुमी एक काम करा. नमुन्याचं एक बाकडं बसवा, तुमच्या नकाशाच्या जाग्यावर. एक पावसाळा जाऊ द्या त्याच्यावरून. बाकडं कोरडं राह्यलं त मी सही करतो, अन् या लोकाईची गाळपेर बंद. नाई राह्यलं त मंग पाहू."

माय माझा हात दाबून कुजबुजली, "कायले बोलली वं तू? आता सबन बाकड्यावर आलं."

जेठात कंत्राटदारानं बाकडं बसवलं. सिमेंटचं, भक्कम, पाठीला नक्षी. नेमकं आमच्या खुराच्या शेजारी, कारण नकाशात तिथं निसर्गदर्शनाची जागा होती. बाबा रोज संध्याकाळी जाऊन त्यावर बसून यायचे. "आपल्या वावरात सोफा आला," म्हणायचे. मृग बरसला, आर्द्रा बरसल्या, आणि मग पावसानं ताण दिला. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी पावसासाठी डोळे लावून बसलं होतं. माय अंगणात उभी राहून आभाळाला बोलायची, "दर साली बिनकामाचा येतं, अन् आता काहून तोंड लपवून राह्यला?" बाबा तिला म्हणायचे, "हळू बोल, गावानं आयकलं त म्हनतीन, इतके साल हे उलटं मांगत होते काय."

श्रावणात आभाळ फाटलं ते फाटलंच. मी शिकवणीवरून आले की खांद्याला पिशवी तशीच ठेवून तळ्याच्या काठानं फिरायची, आणि पाणी जिथवर आलं तिथं चुन्याची फक्की टाकायची. पाऊस ती धुऊन न्यायचा, मी पुन्हा टाकायची, आणि घरी येऊन कागदावर रेष ओढायची. काका ओट्यावरून विचारायचे, "काय वं, रांगोळी काढून राह्यली काय तळ्याले?" मी म्हणायची, "काका, तुमच्या रिंगचा तेरावा आहे." दोन-तीन दिवसांनी तेच फक्कीची पाटी धरायला आले. त्यांचीही पट्टी जाणार होती, हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं होतं.

भादव्यात साहेब आले. काठावर सगळं गाव. पाऊस उशिरा येऊनही बाकड्याची फक्त पाठीची वरची कड पाण्याबाहेर होती, आणि तिच्यावर एक बगळा अशा थाटात बसला होता की जणू उद्घाटन त्याच्याच हस्ते झालं.

"बाकडं दिसत नाही," साहेब म्हणाले.

"बगळ्याच्या खाली पाहा," सरपंचबाई म्हणाल्या. "बसून पाह्यता काय? मजबुती त पाह्यलीच पाह्यजे."

त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. पण साहेबांनी खरोखर बूट काढले, पँट वर केली, आणि काकांकडच्या ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबवर बसले. ती ट्यूब काका शिंगाडे काढायला वापरायचे. खाली पाय रुतवणारा गाळ, म्हणून काका पोहत ट्यूब ढकलत होते आणि साहेब दोन्ही हातांनी काकांचं डोकं धरून होते. बगळा शेवटपर्यंत उठला नाही, मग नाइलाजानं उठला. साहेब ट्यूबवरून उतरून बाकड्यावर बसले. पाणी छातीपर्यंत. त्यांनी हातानं बाकडं चाचपलं, थोडं हलवून पाहिलं, आणि मोठ्यानं ओरडून म्हणाले, "काम पक्कं आहे! जागा चुकली!"

काठावर टाळ्या पडल्या. साहेबही हसायला लागले, तिथंच बसून, आणि मग हात हलवून मला हाक मारली, "मॅडम, तुमचा तो नकाशा आणला आहे का?"

मी आणलाच होता.

पुढचं काम हसण्याचं नव्हतं, भांडणाचं होतं, आणि ते बरेच दिवस चाललं. साहेबांनी यंत्र लावून माझी रेष तपासली, दोन ठिकाणी दुरुस्त केली, बाकी मानली. ठरलं असं, की भादव्यातल्या पाण्याच्या रेषेच्या आत सिमेंटचं काहीही येणार नाही. वाट रेषेच्या वरून जाईल, फरशीची नाही, मुरमाची. वाटेच्या कडेला करंज आणि कडुनिंब लागतील. म्हशींना उतरायला एक बाजू मोकळी राहील, आणि धुण्याचा घाट तळ्यापासून दूर विहिरीकडं जाईल, म्हणजे साबण तळ्यात उतरणार नाही. आणि गाळपेर राहील, पण एका अटीवर: तळ्याच्या पोटात फवारणी नाही, युरिया नाही.

या अटीवर काका तापले. "मंग अळी आली त तिले काय भूगोल शिकवू काय?"

"तू तिले रिंग दाखव," बाबा म्हणाले. "ते आपोआप सरकीन."

काका शेवटी कबूल झाले. छत्रीवाली बाई, कुत्रं आणि राजहंस यांचं काम रद्द झालं. लोकांनी मागितली म्हणून सेल्फी काढायची एक जागा मात्र झाली, एसटीच्या थांब्याजवळ. तिथं आता शेळ्या बसतात.

राहिलं ते बाकडं. पाणी उतरल्यावर ते गाळात उभं होतं, पाठीला मधोमध एक तडा. कंत्राटदार ते न्यायला आला नाही. बाबांनी बाजेचा खूर उपटून घरी आणला, धुतला, आणि बाकड्याला चुना फासला.

"हे चालत नाई," काका म्हणाले. "खून घरातली पाह्यजे अन् मोडकी पाह्यजे."

"मोडकं हाये, पाह्य हा तडा. अन् घरातलं काहून नाई? दोन महिने संध्याकाळी मी याच्यावरच होतो."

काकांनी बाकड्याला एकदा खांदा लावून पाहिला. ते हललं नाही. त्यांनी पुन्हा एकदा लावून पाहिला, आणि मग बाबांच्या शेजारी त्याच बाकड्यावर बसून बिडी पेटवली.

आज तळ्याच्या काठानं मुरमाची वाट आहे आणि दोन पावसाळ्यांत ती एकदाही बुडाली नाही. झाडं जगली आहेत. सहाही घरांची गाळपेर सुरू आहे, आणि पंचायतीनं ग्रामसभेत ठराव करून आमची पट्टी मायच्या नावावर लिहून दिली आहे, वर्षाच्या बोलीनं नाही, कायमची. पंचायतीच्या भिंतीवर तळ्याचा नकाशा लावला आहे. त्याच्या खाली साहेबांचं नाव आहे, त्याच्या शेजारी माझं आहे, आणि माझ्या नावापुढं बी.ए. लिहिलेलं आहे.